वाळूजच्या पहिल्या मुलाखतीला जाताना

प्रश्न : सर, मी गेवराई तालुक्यातल्या एका खेड्यातला. वय अठरा. दहावीनंतर आयटीआयमधून दोन वर्षांचा फिटर केला, यंदा पास झालो. ६४ टक्के आहेत. पहिल्या वर्षी ड्रॉइंगमध्ये राहिलो होतो, नंतर तो विषय काढला. दहा दिवसांनी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीत अप्रेंटिससाठी मुलाखत आहे. आई-वडील ऊसतोडीला जातात, आमच्या घरात याआधी कुणीच मुलाखत दिलेली नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते, इंग्रजी तर येतच नाही. मित्र म्हणतात, यूट्यूबवर बघून इंग्रजीतलं सेल्फ इंट्रोडक्शन पाठ कर. शेजारच्या गावचा एक जण म्हणतो, तीन हजार दे, मुलाखत न देता लावून देतो. काय विचारतात, काय घालून जायचं, सगळं सांगा. नाव छापू नका.

उत्तर : आधी त्या तीन हजारांचं. देऊ नकोस. अप्रेंटिसची, म्हणजे शिकाऊ उमेदवाराची, भरती पैसे देऊन होत नसते. कंपनी स्वतः उमेदवार निवडते, सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर त्याची नोंद होते आणि कंपनी व उमेदवार यांच्यात करार होतो. यात मधल्या माणसाला जागाच नाही. असा माणूस फार तर तुला एखाद्या लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे हेल्पर म्हणून उभा करील आणि त्याला 'कंपनीत लावलं' म्हणेल. फॉर्म फी, गणवेशाचं डिपॉझिट, मेडिकलचे पैसे अशी नावं बदलून कुणी मागितले तरी उत्तर हेच. मूळ मार्कशीट कुणाकडे ठेवायला द्यायची नाही आणि मोबाईलवर आलेला ओटीपी कुणाला सांगायचा नाही. 'आज दिले नाहीत तर जागा जाईल' असं जो म्हणतो त्याच्यापासून तर जास्तच सांभाळून.

आता इंग्रजीचं. ते पाठांतर सोडून दे. अप्रेंटिसच्या मुलाखतीत समोर सहसा दोन माणसं असतात, एक एचआरचा आणि एक शॉपफ्लोअरवरचा, म्हणजे सुपरवायझर किंवा इंजिनिअर. त्यांना दोन गोष्टी पाहायच्या असतात. कागदावर लिहिलंय ते या पोराला खरंच येतं का, आणि हा रोज वेळेवर येईल का, की दोन महिन्यांत गावाकडं निघून जाईल. या दोन्हींची उत्तरं मराठीत देता येतात. पाठ केलेलं इंग्रजी तिसऱ्या वाक्याला अडकतं, आणि एकदा अडकलं की पुढचं येत असलेलंही बोलता येत नाही. वाळूजमध्ये सुपरवायझर हिंदी भाषक निघू शकतो, म्हणून तेवढी तयारी हिंदीतही ठेव. आपल्याकडच्या पोरांना हिंदी समजतं, फक्त बोलायची सवय नसते.

दहा दिवस आहेत, तर कामाला कागदांपासून लाग, कारण त्यात झालेली चूक एका दिवसात दुरुस्त होत नाही. दहावीचं मार्कशीट, आयटीआयची मार्कशीट आणि प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, बँकेचं पासबुक हे सगळं चटईवर पसरून ठेव आणि प्रत्येकावरचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव व जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून बघ. इंग्रजी स्पेलिंगवर जास्त लक्ष दे. दहावीच्या मार्कशीटवर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरं, हे आपल्याकडे फार होतं. दुसरी नेहमीची गडबड जन्मतारखेची. लहानपणी आधार काढताना दाखला जवळ नव्हता म्हणून १ जानेवारी टाकलेली असते. फरक निघाला तर आधार दहावीच्या कागदाप्रमाणे करून घे. आधारवरची जन्मतारीख सहसा एकदाच बदलता येते, तेव्हा केंद्रावर अर्ज भरून झाला की स्क्रीनवर स्वतः वाचल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नकोस. दुरुस्ती मुलाखतीपर्यंत झाली नाही तरी पावती बरोबर ने, आणि विचारण्याआधी आपणच सांग.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. आधारला कोणता मोबाईल नंबर जोडलाय? बऱ्याच घरांत तो वडिलांच्या जुन्या, आता बंद पडलेल्या सिमचा असतो. पोर्टलवरची नोंदणी ओटीपीवर चालते. निवड होऊनही निव्वळ ओटीपी येत नाही म्हणून करार रखडतो आणि तेवढ्यात कंपनी यादीतल्या पुढच्या मुलाला बोलावते. नंबर आजच तपास. त्याच फेरीत बँकेत जाऊन खातं आधारला जोडलंय का तेही विचार, कारण विद्यावेतनातला सरकारचा वाटा थेट आधार जोडलेल्या खात्यात येतो. पोर्टलवर स्वतःची नोंदणी अजून केली नसशील तर आयटीआयमधल्या बीटीआरआय विभागात जा, अप्रेंटिसचं कामकाज तिथूनच चालतं. तिथे फुकट होणाऱ्या कामासाठी बाहेर पैसे घालवू नकोस.

झेरॉक्सचे दोन संच कर, प्रत्येक पानावर सही कर. पासपोर्ट फोटो सहा घे. मूळ कागद प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, वर लिहिलेल्या क्रमानेच लाव. मागितलेला कागद लगेच काढून देता आला पाहिजे. पिशवीत हात घालून शोधाशोध सुरू झाली की तुझीच धडधड वाढते. मूळ कागद दाखवायचे आणि परत घ्यायचे, जमा करायचे नाहीत.

बायोडाटा एक पानाचा पुरे. झेरॉक्सच्या दुकानात जो तयार नमुना मिळतो त्यात फक्त नाव बदलून देतात. 'हॉबी : रीडिंग, प्लेइंग क्रिकेट', 'लँग्वेजेस नोन : इंग्लिश' असलं त्यात आधीच छापलेलं असतं. ते काढून टाक. बायोडाट्यातल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न येऊ शकतो. वाचन लिहिलंस तर शेवटचं काय वाचलं ते विचारतील. नाव, पत्ता, चालू मोबाईल नंबर आणि घरचा दुसरा एक नंबर, दहावी व आयटीआयचं वर्ष आणि टक्के, एवढं वरच्या अर्ध्या भागात. खालच्या अर्ध्यात हातानं केलेलं काम लिही : कोणती हत्यारं व मापनसाधनं वापरली, कोणत्या मशीनवर काम केलं, कोणते जॉब केले. लेथवर फक्त उभं राहून पाहिलं असेल तर 'लेथ' लिहू नकोस.

घरचं कामही लिही, ते लपवण्यासारखं नाही. विहिरीवरची मोटर उतरवून बसवली, फुटव्हॉल्व्ह बदलला, ग्लँडची दोरी भरली, फवारणीचा पंप खोलून वॉशर टाकला, ठिबकची लाइन जोडली, यातलं जे खरंच केलंय ते 'इतर काम' म्हणून दोन ओळींत मांड. शॉपफ्लोअरच्या माणसाचं लक्ष तिथे जातं. मग तो विचारील, मोटर फिरते पण पाणी उचलत नाही, काय काय बघशील? फुटव्हॉल्व्ह धरत नाही, सक्शनला कुठून तरी हवा घेतेय, प्राइमिंग झालेलं नाही, थ्री फेज मोटर उलटी फिरतेय, हे तू बांधावर उभा राहून शिकलेला आहेस. तेच तिथे सांगायचं.

ट्रेडच्या प्रश्नांना मात्र जास्त वेळ दे, कारण निवड इथेच होते. अप्रेंटिसला फार खोलात विचारत नाहीत. पहिल्या वर्षातलंच विचारतात, पण फिरवून विचारतात.

व्हर्नियर कॅलिपर येणारच. लीस्ट काउंट, म्हणजे साधनानं मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिमी हे सगळे सांगतात. 'तो कसा आला' म्हटलं की बरेच जण थांबतात. व्हर्नियरवरचे ५० भाग मुख्य पट्टीवरच्या ४९ मिमीत बसतात, म्हणजे एक भाग ०.९८ मिमी. १ उणे ०.९८ बरोबर ०.०२. आता माप वाच. मुख्य पट्टीवर शून्यानं २३ मिमी ओलांडलेत आणि व्हर्नियरची १७ वी रेघ वरच्या एका रेघेशी जुळतेय. १७ गुणिले ०.०२ म्हणजे ०.३४, माप २३.३४ मिमी. यावर पुढचा प्रश्न : जबडे पूर्ण मिटल्यावर व्हर्नियर ०.०४ दाखवत असेल तर? ती धन शून्य त्रुटी, वजा करायची, खरं माप २३.३० मिमी. म्हणून कुणी हातात व्हर्नियर दिला की आधी जबडे पुसायचे, मिटवून शून्य बघायचं, मग जॉबला लावायचा. तोंडी उत्तर चुकलं तरी ही सवय दिसली तर समोरच्याला कळतं, या पोरानं काम केलेलं आहे.

मायक्रोमीटरचंही असंच. स्क्रूचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.५ मिमी, थिंबलवर (फिरणाऱ्या नळीवर) ५० भाग, म्हणून लीस्ट काउंट ०.०१. स्लीव्हवर (न फिरणाऱ्या नळीवर) ७ मिमीच्या पुढची अर्ध्याची रेघ दिसतेय आणि थिंबलची २८ वी रेघ मधल्या रेषेवर आहे, तर ७.५० अधिक ०.२८, एकूण ७.७८ मिमी. सगळ्यात जास्त चूक होते ती त्या अर्ध्याच्या रेघेची. ती सुटली की ७.२८ वाचलं जातं आणि पुरा अर्धा मिलिमीटर जातो. रॅचेट कशाला असतो, हेही विचारतात. प्रत्येक वेळी दाब सारखाच पडावा म्हणून. थिंबल धरून आवळलं तर माप कमी येतं आणि स्क्रूही खराब होतो.

एम १० चा आटा पाडायचाय, तर ड्रिल कितीचं? १० मधून पिच १.५ वजा, ८.५ मिमी. टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, का तुटतो? भोक लहान पडलंय, टॅप काटकोनात धरला नाही, तेल नाही, किंवा पुढे फिरवताना मध्ये मध्ये मागे घेतला नाही. मागे का घ्यायचा? चीप, म्हणजे धातूचा कीस, तुटून मोकळी व्हावी म्हणून. हे 'का' प्रत्येक उत्तराला जोडायची सवय लाव. पातळ पाइप कापायला बारीक दात्यांचं हॅकसॉ ब्लेड का, तर मोठ्या दातांच्या मधल्या फटीत पाइपची कड अडकते आणि दात तुटतात. ब्लेडचे दात पुढच्या बाजूला का, तर कापणं पुढच्या फेरीत होतं.

ड्रॉइंगवर २० अधिक-उणे ०.१ लिहिलंय आणि जॉब २०.०८ भरला, तर चालेल का? चालेल. १९.९० ते २०.१० मध्ये येतो, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, ०.२ मिमी. २०.१२ आला तर? मोठा आहे, घासून मापात आणता येईल. १९.८८ आला तर गेला, भंगारात. जॉब लहान झाला की परत मोठा करता येत नाही, हे वाक्य तू आपणहून म्हणालास तर फार बरं. गो नो-गो प्लग गेज (भोकाचं माप तपासायचं साधन) असेल तर गो बाजू भोकात गेली पाहिजे आणि नो-गो जाता कामा नये. दोन्ही गेल्या तर भोक मोठं झालंय, दोन्ही अडल्या तर लहान आहे.

एक प्रश्न मुद्दाम अडकवण्यासाठी असतो : ड्रिलिंग मशीनवर हातमोजे घालशील ना? घाईत 'हो सर, सेफ्टी फर्स्ट' म्हणणारे खूप असतात. उत्तर नाही. फिरत्या ड्रिलमध्ये मोज्याचं टोक गुंतलं की हात ओढला जातो. तिथे गॉगल हवा, जॉब व्हाइसमध्ये पक्का हवा, चक की काढलेली हवी, बाही सैल नको, बोटात अंगठी आणि हातात दोरा नको. चीप हातानं नाही, ब्रशनं काढायची. जॉब हातात धरून भोक पाडू नये याचंही कारण सांगता आलं पाहिजे : ड्रिल खालच्या बाजूनं बाहेर पडताना पत्रा पकडतं आणि जॉब गरकन फिरतो.

फाइव्ह एस, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायची जपानी पद्धत, विचारलं तर पाच जपानी शब्द घोकून म्हणण्यापेक्षा अर्थ सांग : नको ते बाजूला काढणं, हवं ते ठरल्या जागी ठेवणं, साफसफाई, हे सगळीकडे एकाच पद्धतीनं करणं आणि रोज पाळणं. एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन आणि एक इंच म्हणजे २५.४ मिमी हे तोंडावर असू दे. काही ठिकाणी आधी लेखी चाचणी घेतात. त्यात टक्केवारी, अपूर्णांक, दशांशाची बेरीज-वजाबाकी असते आणि मोबाईल बाहेर ठेवावा लागतो, तेव्हा रोज अर्धा तास कागदावर गणितं कर.

आता तुझ्या ड्रॉइंगच्या विषयाकडे येऊ. मार्कशीटवर तो दिसतो, त्यामुळे विचारतीलच. 'पेपर अवघड होता', 'सर नव्हते' ही कारणं देऊ नकोस. कोणता विषय राहिला, काय जमत नव्हतं आणि कधी काढला, एवढं सरळ सांग : 'पहिल्या वर्षी ड्रॉइंगमध्ये राहिलो सर. प्रोजेक्शन समजत नव्हतं. पुढच्या परीक्षेत काढला.' पण तुझं उत्तर संपताच समोरचा कागद पुढे सरकवील, 'मग काढून दाखव' म्हणेल. म्हणून दहा दिवसांतले किमान दोन पूर्ण दिवस ड्रॉइंगला दे. पायरी असलेला एक साधा ठोकळा घे आणि त्याचे समोरून, वरून, बाजूनं असे तिन्ही व्ह्यू हातानं काढ. आपल्याकडे फर्स्ट अँगल वापरतात, त्यात वरून दिसणारा व्ह्यू समोरच्या व्ह्यूच्या खाली येतो. थर्ड अँगलमध्ये तो वर जातो. दोन्हींची चिन्हं ओळखता यायला हवीत. ज्या विषयात राहिलास त्यातच नीट उत्तर दिलंस तर तो डाग पुसला जातो.

व्हर्नियर हाताशी नसेल तर एक दिवस आयटीआयमध्ये जाऊन ये. निकाल लागला म्हणून दार बंद होत नाही. मुलाखत आहे असं सांगितलं तर तुझे सर तासभर साधनं काढून देतील. त्यांनाच दहा प्रश्न विचारायला लाव.

घशाला कोरड पडते याचं आम्हाला नवल वाटत नाही. गावात मोठ्यांपुढे गप्प बसायचं असंच वळण असतं, आणि मग एके दिवशी अनोळखी मोठ्या माणसासमोर आपलंच चांगलं सांगायची वेळ येते. याला उपाय मोठ्यानं बोलून सराव करणं हाच. मनातल्या मनात उजळणी केली तर सगळं येतंय असं वाटतं, तोंड उघडल्यावर मात्र शब्द सापडत नाहीत. मोबाईलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड कर आणि ऐक. पहिल्यांदा ऐकवणार नाही, तरी ऐक. आवाज वाक्याच्या शेवटी खाली जातोय का, एवढंच बघ. मग शिकलेल्या एखाद्या नातेवाइकाला किंवा गावातल्या गुरुजींना खुर्चीवर बसव, बाहेरून 'आत येऊ का सर' म्हणत ये आणि सगळं पहिल्यापासून कर. दोन-तीनदा केलंस की फरक तुझा तुलाच कळेल.

'स्वतःबद्दल सांगा' याला अर्धं मिनिट पुरे. साधारण असं : 'नमस्कार सर. माझं नाव अमुक, गाव गेवराई तालुक्यात, जिल्हा बीड. दहावीनंतर आयटीआयमधून फिटर केला, ६४ टक्के मिळाले. फायलिंग, ड्रिलिंग, टॅपिंग आणि व्हर्नियर-मायक्रोमीटरवर मापं घ्यायचा सराव आहे. मेल-फीमेल फिटिंगचा जॉब केलाय. आई-वडील ऊसतोडीचं काम करतात. वाळूजला राहायची सोय बघितलीय, तिन्ही शिफ्टला यायची तयारी आहे.' हे शब्द असेच घेऊ नकोस, मुद्दे घे. खोटं एकही वाक्य ठेवू नकोस. हिंदीत हेच बोलून बघ : 'सर, मैंने फिटर ट्रेड से आयटीआय किया है' इथून सुरुवात केली की पुढचं येतं.

आई-वडिलांचं काम सांगताना मान खाली घालू नकोस. वाळूजच्या शॉपफ्लोअरवर मराठवाड्यातल्या अशाच घरांतली खूप पोरं उभी आहेत.

उत्तर येत नसेल तर गप्प बसायचं नाही. गप्प बसलं की समोरच्याला कळत नाही, तुला येत नाही की तू घाबरलायस. 'हे मला माहीत नाही सर' हे पूर्ण वाक्य स्पष्ट म्हण. अर्धवट माहीत असेल तर 'एवढं माहीत आहे' म्हणून तेवढं सांग. प्रश्न ऐकू आला नाही तर 'सर, परत सांगता का' विचारण्यात काही चूक नाही. अंदाजानं ठोकून देणं सगळ्यात वाईट, कारण मशीनवर अंदाजानं वागणारा मुलगा स्वतःचं बोट तरी घालवतो नाहीतर कंपनीचा माल.

'किती दिवस टिकशील? दिवाळीनंतर आई-वडील तोडीला गेले की तू पण जाशील?' हे थेट विचारू शकतात. म्हणून घरात आधी बोलून घे. घरी म्हातारी आजी, लहान भावंडं, जनावरं असतील तर त्यांच्याकडे कोण बघणार ते ठरलेलं असू दे. ठरलेलं असेल तरच 'वर्षाचा करार पूर्ण करतो' म्हण. राहण्याचंही तसंच. बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर या भागांत कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन, जागा मिळतात. गावचा कुणी तिथे असेल तर त्याला फोन करून कॉटचं भाडं, मेसचे पैसे आणि कंपनीपर्यंतचं अंतर विचारून घे. 'राहणार कुठे' याला गावचं, माणसाचं नाव घेऊन उत्तर आलं तर समोरच्याचा विश्वास बसतो.

शेवटी 'काही विचारायचंय का' म्हणाले तर 'नाही सर' म्हणून उठू नकोस. करार किती महिन्यांचा, विद्यावेतन किती आणि कोणत्या तारखेला, कंपनीची बस कुठून, कँटीनचे पैसे कापतात का, हे विचारायला हरकत नसते. सगळ्यात महत्त्वाचं : 'सर, पोर्टलवर अप्रेंटिसशिपचा करार होणार ना?' कारण काही ठिकाणी 'ट्रेनी' म्हणून घेतात आणि माणूस असतो कॉन्ट्रॅक्टरच्या हजेरीवर. अप्रेंटिसला शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ लागू होतो. किमान विद्यावेतन सरकारनं ठरवून दिलेलं असतं, ओव्हरटाइम सहसा लावता येत नाही, पीएफ कापत नाहीत, आणि मुदत संपल्यावर अखिल भारतीय परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. कंपनी पुढे कायम करीलच असं मात्र कायद्यात नाही. कॉन्ट्रॅक्टरकडचं काम वाईट असं आम्ही म्हणत नाही, गरज असेल तर करावं, पण मग पीएफ, ईएसआय (कामगार विमा) आणि पगाराची पावती मिळते का ते विचारून करावं. त्याला अप्रेंटिसशिप समजून वर्ष घालवू नये.

अठरा पूर्ण आहेत ते बरं झालं. कायद्यानं अप्रेंटिस चौदाव्या वर्षापासून होता येतं, पण धोक्याच्या उद्योगांत अठरा लागतात. वयाचा दाखला म्हणूनच मागतात.

कपड्यांचा फार विचार नको. धुतलेला, इस्त्री केलेला फुल शर्ट आणि साधी पँट, शर्ट आत खोचलेला. नवे कपडे घेऊ नकोस, आयटीआयचा स्वच्छ गणवेशही चालेल. चप्पल किंवा सँडल मात्र अजिबात नको. बऱ्याच कंपन्या गेटवरून आत सोडत नाहीत, आणि मुलाखतीनंतर शॉप दाखवायला नेलं तर बंद बूटच लागतात. आयटीआयचे सेफ्टी शूज असतील तर पॉलिश करून तेच घाल. नखं कापलेली असू दे. खिशात तंबाखूची पुडी नको, गेटवर खिसे तपासतात. मोबाईल गेटवर जमा करावा लागेल किंवा कॅमेऱ्यावर स्टिकर लावतील, म्हणून कंपनीचा पत्ता, बोलावणाऱ्याचं नाव आणि वेळ कागदावर लिहून ठेव. दुचाकीवर कुणी सोडणार असेल तर हेल्मेट हवं.

आदल्या दिवशीच वाळूजला पोहोच. गेवराईहून पहाटेची एसटी धरून थेट मुलाखतीला जायचं म्हणजे एक टायर पंक्चर झाला की संपलं. छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर उतरून महावीर चौक, ज्याला लोक अजून बाबा पेट्रोल पंप म्हणतात, तिथून नगर नाक्यावरून वाळूजला शहर बस किंवा शेअर रिक्षा मिळते. एमआयडीसीत प्लॉटचा नंबर अक्षर आणि आकड्यानं असतो, आणि नुसतं कंपनीचं नाव सांगून रिक्षावाला भलत्याच युनिटच्या गेटवर सोडू शकतो, कारण एकाच कंपनीची दोन-तीन युनिटं असतात. संध्याकाळी उजेडात जाऊन गेट बघून ये. सकाळी दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी गेटवर हजर राहा. नंबर यायला दुपारही होते, तेव्हा खाऊन जा, आणि पाण्याची बाटली व दशमी-चटणी बरोबर असू दे.

निवड झाली की मेडिकल होते. त्यात नजर आणि रंग ओळखण्याची क्षमता तपासतात. लांबचं धूसर दिसत असेल तर आधीच डोळे तपासून चष्मा घे, चष्मा आहे म्हणून सहसा नाकारत नाहीत.

'कळवतो' म्हणाले तर कधीपर्यंत ते विचार आणि एचआरचा नंबर लिहून घे. त्या तारखेनंतर दोन दिवस थांबून एक फोन कर : नाव, मुलाखतीची तारीख, ट्रेड, आणि 'निकाल काय झाला सर'. गावात रेंज नसेल तर त्या आठवड्यात फोन रेंजच्या जागी ठेव. अनोळखी नंबर उचलला नाही म्हणून जागा गेलेली मुलं कमी नाहीत. इथे जमलं नाही तर बीटीआरआयमध्ये जाऊन पुढच्या अप्रेंटिसशिप मेळाव्याची तारीख घे. मेळाव्यात एका दिवसात चार-पाच कंपन्यांपुढे बसता येतं. आणि या मुलाखतीत ज्या प्रश्नांची उत्तरं आली नाहीत ते घरी येताना एसटीतच लिहून काढ, दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत.